भाव बुकीचा, किंमत बाईची

रग्बी हा काही आपल्या गल्लीतला खेळ नाही. मुंबईतला एखादा जिमखाना आणि अलीकडे ओडिशा-बिहारमधल्या धाडसी मुली सोडल्या, तर आपल्याकडे तो फारसा कुणी पाहत नाही. मग रग्बीच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांवर लागणाऱ्या सट्ट्याबद्दल स्त्रियांच्या त्रैमासिकात लेख कशाला, असं काही जणींना वाटेल. माझं म्हणणं असं, की हा विषय खेळाच्या पानावरून उचलून आपल्या पानावर आणण्याची वेळ केव्हाच आली आहे. पैसे लावणारे बहुतेक पुरुष, पैसे घेणारे पुरुष, अंदाज सांगणारेही पुरुष. आणि हरलेला पैसा भरून काढणारी मात्र घरातली बाई.

मी गेली चौदा वर्षं सिडनीच्या पश्चिम उपनगरात राहते. भारतीय उपखंडातून आलेल्या बायकांसाठी आमचा एक छोटा गट आहे. आठवड्यातून दोन दिवस मी तिथे फोनवर बसते. ऑस्ट्रेलियात रग्बीचे दोन भाऊभाऊ आहेत. पंधरा-पंधरा खेळाडूंचा 'युनियन', ज्यात देशादेशांचे मोठे सामने होतात. आणि तेरा-तेरांचा 'लीग', जो सिडनी आणि क्वीन्सलंडमध्ये घराघरांत पाहिला जातो. दोन्हींवर सट्टा कायदेशीर आहे. बुकी म्हणजे इथे कोपऱ्यावरच्या पानाच्या गादीमागे बसलेला माणूस नव्हे. परवाना असलेली कंपनी, तिचं फोनवरचं अ‍ॅप आणि टीव्हीवर दर थोड्या वेळाने येणारी तिची हसरी जाहिरात.

मोठा सामना आला की चार दिवस आधी अंदाजांचा पाऊस सुरू होतो. कुठल्या संघाची पुढची फळी किती वजनाची, स्क्रममध्ये कोण मागे रेटला जाईल, किक मारणाऱ्याचा नेम किती पक्का, पंच कुठल्या चुकीला पेनल्टी देतो, पाऊस पडला तर चेंडू किती निसटेल, लांबचा प्रवास करून आलेला संघ किती दमलेला असेल. सगळं अगदी शास्त्रोक्त मांडलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, आपण आता अभ्यास केलाय, आपण जुगारी नाही. हीच त्या लेखांची करामत. शेवटच्या ओळीत भाव दिलेला असतो आणि बोट टेकलं की पैसे लागतात.

२०२५ ची लायन्स मालिका घ्या. ब्रिटन आणि आयर्लंडचा हा एकत्रित संघ बारा वर्षांनी ऑस्ट्रेलियात आला होता. २६ जुलैला मेलबर्नला दुसऱ्या कसोटीत नव्वद हजारांवर प्रेक्षक होते. ऑस्ट्रेलिया २३-५ अशी पुढे होती आणि अगदी शेवटच्या मिनिटाला लायन्सनी २९-२६ असा सामना काढला. म्हणजे लायन्स जिंकणार हा अंदाज बरोबर ठरला. पण 'लायन्स दहापेक्षा जास्त गुणांनी जिंकतील' यावर ज्यांनी पैसे लावले, ते आपला संघ जिंकूनही हरले. पुढच्या शनिवारी, २ ऑगस्टला, सिडनीत विजा चमकायला लागल्या म्हणून सामना जवळपास चाळीस मिनिटं थांबवावा लागला. मालिका आधीच गमावलेली ऑस्ट्रेलिया २२-१२ ने जिंकली. कुठल्या अभ्यासात बसणार होती ती वीज?

आता बुकीचा हिशेब साध्या आकड्यांत पाहू, कारण पैशाचं गणित आपल्याला कळत नाही असं म्हणत म्हणतच आपल्याला त्यापासून लांब ठेवलेलं असतं. समजा दोन्ही बाजूंची शक्यता सारखी आहे. बुकी दोन्हींना १.९० भाव देतो. एकाने या बाजूवर शंभर लावले, दुसऱ्याने त्या बाजूवर शंभर. बुकीकडे दोनशे आले. जो जिंकेल त्याला तो १९० देतो. दहा त्याचे. सामना कुणीही जिंको, शंभरामागे पाच त्याच्या खिशात. आता इथे 'मल्टी' नावाचा प्रकार फार चालतो. चार गोष्टी एकत्र लावायच्या, चारही खऱ्या ठरल्या तरच पैसे. भाव दिसतो तेराचा. शंभराचे तेराशे! पण चारही खऱ्या ठरण्याची शक्यता सोळात एक. सोळा वेळा शंभर लावून सरासरी एकदा तेराशे मिळणार. म्हणजे बुकीचा वाटा शंभरामागे पाचावरून साडेअठरावर गेला. जाहिरात कशाची जास्त होते ते सांगायला नकोच. आणि एवढं करूनही एखादा सतत जिंकू लागला, तर या कंपन्या त्याची पैसे लावण्याची मर्यादा कमी करून टाकतात. हरणाऱ्याला मात्र फुकट पैजा, सवलती, खास वागणूक. ज्या दुकानात फक्त तोट्यातलं गिऱ्हाईक हवंहवंसं असतं, त्या दुकानाला खेळ म्हणायचं का?

आमच्या फोनवर 'माझा नवरा सट्टा लावतो' असं सांगून जवळजवळ कुणीच सुरुवात करत नाही. सुरुवात होते ती घरभाड्यापासून. भाडं दोन आठवडे थकलंय आणि तिला ते घरमालकाच्या पत्रावरून कळलंय. किंवा तिच्या नावावर कर्ज निघालंय, सही तिचीच आहे, कागद 'गाडीचा आहे' म्हणून पुढे केला होता. किंवा आईने दिलेल्या पाटल्या लॉकरमध्ये नाहीत. एकजण म्हणाली, "ताई, दारू पीत असता तर वास तरी आला असता." तो शांतपणे सोफ्यावर बसून सामना बघत होता, हातात फोन होता. तिला वाटायचं, मित्रांशी बोलतोय. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर, माहेर समुद्रापलीकडे, आणि 'आमचा मुलगा तिकडे किती व्यवस्थित आहे' असं सांगणारी सासू फोनवर. अशा बाईला खात्यातला आकडा विचारण्याचीसुद्धा भीती वाटते. विचारलं की आवाज चढतो, मग हात उठतो.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी. खेळ, दारू, सट्टा आणि मारहाण यांची गाठ सगळे ढोबळपणे मारून मोकळे होतात. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड यांच्यातल्या 'स्टेट ऑफ ओरिजिन' या लीग सामन्यांच्या रात्रींचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१२ ते २०१७ या वर्षांत सामन्याच्या रात्री न्यू साउथ वेल्समध्ये घरगुती मारहाणीच्या नोंदी आजूबाजूच्या बुधवारांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होत्या. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात, जिथे या सामन्याचं फारसं वेड नाही, तिथे अशी वाढ दिसली नाही. हा अभ्यास सामन्याच्या रात्रींचा आहे, सट्ट्याचा नव्हे, हे लक्षात ठेवू. सट्ट्याबद्दल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अत्याचार सोसलेल्या बायकांशी आणि त्यांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांशी सविस्तर बोलून अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष आपल्या अनुभवाशी जुळतो. जुगार हे हिंसेचं मूळ नाही. मूळ आहे ते 'घर माझं, पैसा माझा, बाई माझी' या समजुतीत. जुगार त्या समजुतीला धार लावतो.

महाराष्ट्रातल्या दारूविरोधी लढ्यात हा वाद आपण घातलेला आहे. 'दारू सुटली की तो देवमाणूस आहे' हे वाक्य कितीजणींनी ऐकलं असेल! देवमाणूस पिऊन साहेबाला मारत नाही, बायकोलाच मारतो, हे उत्तरही आपणच शोधलं. सट्ट्याबाबतही तेच. 'त्याला व्यसन आहे, तो आजारी आहे' असं म्हणून बाईला पुन्हा एकदा परिचारिका करू नका. उपचार त्याला जरूर मिळोत. पण तिच्या नावावरचं कर्ज हा काही त्याच्या आजाराचा भाग नव्हे, ती फसवणूक आहे.

मात्र दारूपेक्षा हा लढा एका बाबतीत अवघड आहे. गावातलं दुकान दिसतं. बायका मोर्चा नेऊ शकतात, मतदान घेऊन बाटली आडवी करू शकतात. फोनमधलं दुकान आडवं कसं करायचं? पूर्वी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा. ज्या कापसाचं बोंड कधी पाहिलं नाही त्याच्यावर गिरणी कामगाराचा पगार जायचा. तेव्हा निदान आकडा लावायला उठून जावं लागे, चिठ्ठी खिशात सापडे. आता रात्री दोन वाजता, बायकोच्या शेजारी पडून, जगाच्या दुसऱ्या टोकाला चाललेल्या सामन्यावर महिन्याचा किराणा लावता येतो.

कायद्याने काही केलं नाही असं नाही. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२३ पासून 'बेटस्टॉप' नावाची राष्ट्रीय नोंदवही आहे. तीत नाव घातलं की परवानाधारक ऑनलाइन आणि फोनवरच्या बुकींनी त्या माणसाचे पैसे घ्यायचे नाहीत. जून २०२४ पासून ऑनलाइन सट्ट्यासाठी क्रेडिट कार्ड चालत नाही. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण नोंदवहीत नाव फक्त ज्याचं त्यालाच घालता येतं. बायकोला ते घालता येत नाही. व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा मला मान्य आहे, कुणाचंही नाव कुणीही कुठेही घालू नये. पण मग तिच्या पगाराचं, संयुक्त खात्याचं, मुलांच्या फीचं स्वातंत्र्य कुठल्या वहीत नोंदवायचं? त्याची संमती नसताना त्याला थांबवता येत नाही आणि तिची संमती नसताना तिचा पैसा जातो. या दोन वाक्यांतच सगळं आलं.

जून २०२३ मध्ये खासदार पेटा मर्फी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने ऑनलाइन जुगाराच्या जाहिरातींवर तीन वर्षांत, टप्प्याटप्प्याने, संपूर्ण बंदी घालावी अशी शिफारस केली. अहवालात एकंदर ३१ शिफारशी होत्या. मर्फी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कर्करोगाने गेल्या. दोन वर्षांनी लायन्स मालिका आली तरी त्या शिफारशीचा कायदा झाला नव्हता. कारण जाहिरातीचा पैसा टीव्ही वाहिन्यांना हवा असतो आणि क्रीडा संघटनांनाही. २०२७ मध्ये पुरुषांचा आणि २०२९ मध्ये स्त्रियांचा रग्बी विश्वचषक ऑस्ट्रेलियात होणार आहे. म्हणजे जाहिरातींचा पूर अजून यायचाच आहे.

स्त्रियांच्या रग्बीचं नाव निघालं म्हणून आता जरा नाजूक मुद्द्याकडे येते. स्त्रियांच्या सामन्यांवरही बुकी भाव देऊ लागले आहेत. अंदाज छापले जातात. आणि काही मंडळी, त्यांत आपल्या काही मैत्रिणीही, म्हणतात की बघा, बाजाराने तरी बाईला बरोबरीचं मानलं.

ही बरोबरी मला नको आहे. स्त्रियांचा पहिला रग्बी विश्वचषक १९९१ मध्ये वेल्समध्ये झाला. तो भरवला डेबोरा ग्रिफिन, स्यू डॉरिंग्टन, अ‍ॅलिस कूपर आणि मेरी फोर्सिथ या चौघींनी, आपापले व्याप सांभाळून. बारा संघ आले. सोव्हिएत संघाच्या मुलींकडे खर्चाला पैसे नव्हते, त्यांनी बरोबर आणलेल्या व्होडकासारख्या वस्तू विकायला काढल्या. अंतिम सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला १९-६ असं हरवलं. आंतरराष्ट्रीय संघटनेने या स्पर्धेला मान्यता दिली ती कित्येक वर्षांनी. आणि २७ सप्टेंबर २०२५ ला लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ ने हरवून विश्वचषक घेतला तेव्हा ८१,८८५ माणसं बघायला आली होती. त्याच ग्रिफिनबाई त्या वर्षी इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. हे सगळं बायकांनी घाम गाळून उभं केलं. तेव्हा एकही बुकी मदतीला आला नव्हता. गर्दी जमल्यावर हातगाडी लावायला आला.

आणि लावतो तरी कशावर? त्याच स्पर्धेत इंग्लंडने सामोआला ९२-३ ने हरवलं. इंग्लंडच्या मुलींना २०१९ पासून पूर्णवेळ खेळण्याचे करार मिळू लागले. सामोआच्या बहुतेक जणी नोकऱ्या सांभाळून खेळणाऱ्या. इंग्लंड जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको, म्हणून अशा सामन्यात बुकी विचारतो, किती गुणांनी? साठ? ऐंशी? म्हणजे एका देशाच्या बायकांना मिळालेली साधनं आणि दुसऱ्या देशाच्या बायकांना न मिळालेली साधनं यांतलं अंतर हाच विक्रीचा माल. सामोआच्या मुलींनी पेनल्टीवर आपले एकमेव तीन गुण मिळवले तेव्हा त्या आनंदाने नाचल्या, मैदानावरच्या परक्या प्रेक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. त्या तीन गुणांनी ज्याची पैज मोडली असेल, त्याने काय म्हटलं असेल याची कल्पना मी करू शकते.

कल्पनाच कशाला? टेनिसमध्ये याची मोजणी झाली आहे. २०२४ या वर्षात टेनिसपटूंना समाजमाध्यमांवर आलेल्या शिवीगाळीपैकी सुमारे ४० टक्के मजकूर पैज हरलेल्या, चिडलेल्या जुगाऱ्यांकडून आला होता, असं टेनिस संघटनांनीच २०२५ मध्ये जाहीर केलं. घरातली बाई आणि मैदानावरची बाई, हरलेला पुरुष दोघींवर राग काढतो. भाव लागला म्हणजे मान मिळाला, असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला, बायकाही जुगार खेळतात. खेळतात. इथल्या क्लबांतल्या मशिनींसमोर एकट्या बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून बुकीला सोडून द्यावं असं त्यांपैकी कुणीही म्हणणार नाही. दुसरा, बहुतेक लोक गमतीपुरते थोडे पैसे लावतात, त्यांची गंमत का हिरावायची? सामना बघण्याची गंमत कुणी हिरावत नाही. मी स्वतः बघते, ओरडते. जाहिरात बंद झाली म्हणून कुणाचा शनिवार सुना होत नाही. तिसरा आक्षेप, बंदी घातली की धंदा चोरून चालतो. यात तथ्य आहे, म्हणूनच मी नुसत्या बंदीवर थांबत नाही.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. कंपन्यांचं किती नुकसान झालं, क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं नाव कसं उतरलं, याची चर्चा पुष्कळ झाली. आधी जे कर्ज होऊन बसलंय ते कोण फेडतंय, याची चर्चा मी कमीच वाचली. परदेशातून चालणारी दुकानं आणि तोंडी चालणारा सट्टा यांना कायद्याचं पुस्तक दिसत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून बाईच्या हातात काय आहे, ते पाहायला हवं.

तुमच्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात आर्थिक छळ ही हिंसाच मानली आहे. घरखर्च न देणं, स्त्रीधन परस्पर विकणं, तिचा हक्क असलेली मालमत्ता उडवणं, हे सगळं त्यात बसतं. सट्ट्यासाठी पाटल्या मोडल्या, तर ती केवळ 'घरातली गोष्ट' राहत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये जुलै २०२४ पासून जोडीदारावर पद्धतशीर ताबा ठेवणं हा गुन्हा आहे, आणि पैशावरचा ताबा हा त्याचा एक प्रकार. कायदे आहेत. आपण प्रश्न विचारत नाही, म्हणून ते वापरले जात नाहीत.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. आपल्याकडे बाई येते तेव्हा मारहाण, दारू, हुंडा, संशय हे आपण विचारतोच. त्याच कागदावर आणखी चार प्रश्न वाढवू या. घरात कुणी पैसे लावतं का? तुझ्या नावावर कर्ज आहे का, आणि असल्यास ते तुला माहीत होतं का? खात्यातली रक्कम तुला बघता येते का? तुझे दागिने आणि कागदपत्रं कुठे आहेत? आम्ही दोन वर्षांपूर्वी हे प्रश्न विचारायला लागलो. पहिल्यांदा 'नाही' म्हणणाऱ्या बायका दुसऱ्या भेटीत बोलू लागल्या, कारण विचारण्यासारखी ही गोष्ट आहे हे त्यांना तोवर कळलेलं असे.

आणि मागण्या? सट्ट्याच्या जाहिरातींवर अर्धवट नव्हे, पूर्ण बंदी. संयुक्त खात्यातून सट्ट्याकडे जाणारा पैसा कुठल्याही एका खातेदाराने सांगताच बँकेने अडवावा. फसवून घेतलेल्या कर्जाची वसुली बाईकडून होऊ नये. खेळाडू मुलींच्या संघटनांनी बुकीचा पैसा नाकारावा, आणि नाकारता यावा म्हणून सरकारने आणि संघटनांनी त्यांना पुरेसा निधी द्यावा. २०२९ मध्ये सिडनीत मुलींचा विश्वचषक बघायला मी जाणार आहे. तोवर या मागण्यांतल्या किती पदरात पडतात, ते आपण किती जोर लावतो यावर आहे. आपापल्या गटांत हा विषय घ्या, तुमचे अनुभव या अंकाकडे लिहून पाठवा. सट्टा रग्बीवर असो, क्रिकेटवर असो की आकड्यावर, फोन उचलल्यावर ऐकू येणारी गोष्ट फारशी वेगळी नसते.